सायकल : दया की न्याय?

माणसाच्या मूलभूत गरजा कोणत्या, असे विचारले की अन्न, वस्त्र आणि निवारा ही तीन उत्तरे आपल्या ओठांवर आपसूक येतात. शाळेच्या पहिल्या काही इयत्तांतच ती आपण पाठ केलेली असतात. पुढे जाणते झाल्यावर शिक्षण आणि आरोग्य ही आणखी दोन नावे आपण त्यांत मिळवितो. परंतु या साऱ्या गरजांच्या आणि गरीब माणसाच्या मधोमध एक गोष्ट आडवी पसरलेली असते आणि तिचा उल्लेख या यादीत कोठेच सापडत नाही. ती गोष्ट म्हणजे अंतर. रेशनचे दुकान आहे, पण ते चार किलोमीटरवर आहे. दवाखाना आहे, पण तो ओढ्यापलीकडच्या गावात आहे. माध्यमिक शाळा आहे, पण ती डोंगर उतरून गेल्यावर लागते. ज्याच्या दाराशी गाडी उभी आहे त्याला अंतर ही केवळ एक संख्या वाटते. ज्याला ते पायांनी तोडावे लागते त्याच्या लेखी मात्र अंतर म्हणजे वेळ, घाम, बुडालेली मजुरी आणि पुष्कळदा सोडून दिलेली आशा.

प्रस्तुत लेखात आम्हांला या अंतराविषयी आणि ते कमी करणाऱ्या एका साध्या यंत्राविषयी, म्हणजे सायकलीविषयी, विचार करावयाचा आहे. सायकलीवर लिहावे असे तिच्यात काय आहे, असे काही वाचकांना वाटेल. विषय खरोखरच साधा आहे. परंतु एखाद्या गरीब घरात सायकल येते तेव्हा त्या घरात नेमके काय बदलते, आणि ती देणारा उपकार करीत असतो की आपले देणे फेडीत असतो, हे प्रश्न साधे नाहीत. आपल्या धर्मग्रामांतून दरवर्षी उपवासकाळात आणि नाताळात दानपेट्या फिरतात. त्या पैशांचे काय करावे, यावर बैठका होतात. म्हणून हा प्रश्न आपल्या घरचाही आहे.

प्रथम थोडा हिशेब करू. शाळेपासून पाच किलोमीटरवर राहणारी एक मुलगी घ्या. चालत जावयास तिला एक तास लागतो, परत यावयास एक तास. वर्षाकाठी शाळेचे दिवस सव्वादोनशे धरले, तर ती साडेचारशे तास केवळ चालण्यात घालविते. तेच अंतर सायकलीने पंचवीस मिनिटांत संपते. म्हणजे वर्षाला अडीचशेहून अधिक तास वाचतात. हे तास कोठून वाचतात, हेही पाहिले पाहिजे. खेड्यातील मुलीचा दिवस पहाटे पाणी भरण्याने सुरू होतो आणि रात्री भांडी घासून संपतो. त्या दिवसातून आई-वडील शाळेसाठी जेवढा वेळ सोडू शकतात तेवढ्यात जाणे-येणे आणि शिकणे दोन्ही बसत नसेल, तर शाळा सुटते. कोणी तिला शाळेत जाऊ नको म्हटलेले नसते, नियमाने तिची वाट अडविलेली नसते. अंतरच तिचे नाव पटावरून कमी करते.

शिक्षणहक्काचा २००९ सालचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे ठरविले. नववीपासून मात्र हे कायदेशीर छत्र संपते. अंतर वाढते नेमके तेव्हाच, आणि मुलगी वयात येते तीही तेव्हाच. पाच किलोमीटरचा निर्जन रस्ता आणि चौदा-पंधरा वर्षांची एकटी मुलगी, हे चित्र डोळ्यांसमोर आणून किती आयांनी मनावर दगड ठेवून लेकीला घरी बसविले असेल! त्यांना मागासलेल्या म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांची भीती खरी होती आणि तिच्यावर उपाय मात्र कोणी दिला नव्हता.

आता विचाराचा मुद्दा. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८३ साली दारिद्र्याविषयी लिहिलेल्या एका निबंधात सायकलीचेच उदाहरण घेतले आहे. त्यांचे म्हणणे आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. सायकल ही एक वस्तू आहे. माणसाला वाहून नेणे हा तिचा गुण आहे. या गुणामुळे माणसाला इकडून तिकडे जाण्याची क्षमता मिळते, आणि त्या क्षमतेतून त्याला कदाचित समाधानही मिळते. वस्तू, तिचा गुण, माणसाची क्षमता आणि समाधान अशा या चार पायऱ्या आहेत. गरिबी मोजताना आपण कोणत्या पायरीवर उभे राहावयाचे? सेन यांचे उत्तर असे की, क्षमतेच्या. कारण वस्तू सर्वांना सारखी दिली तरी क्षमता सारखी येत नाही. अपंग माणसाला साधी सायकल देऊन तो हिंडूफिरू लागत नाही. समाधानावरही विसंबता येत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या दबलेला माणूस थोडक्यातच समाधान मानावयास शिकलेला असतो.

हा भेद वरवर बारीक वाटला तरी दानधर्माच्या व्यवहारात तो फार मोठा ठरतो. आपण बहुधा वस्तू मोजतो. किती ब्लँकेटे वाटली, किती वह्या वाटल्या, किती सायकली वाटल्या. छायाचित्रे वस्तूंची निघतात, अहवालात आकडे वस्तूंचे जातात. ती वस्तू ज्याच्या हाती गेली तो तिच्यामुळे काय करू शकला, याची नोंद क्वचितच होते. पण नैतिक प्रश्न तर तेथेच आहे. सायकल दिली, परंतु तिच्यावर बसण्याची मोकळीक घरातील मुलीला मिळाली नाही, ती तिच्या भावाने नेली, तर आपण काय दिले? आपण एक लोखंडी वस्तू एका घरात पोहोचविली, एवढेच.

वस्तू आणि क्षमता यांतील हा फरक प्रत्यक्षात कसा दिसतो, याचे उत्तम उदाहरण तामिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत घडले. हा कोरडवाहू, गरीब जिल्हा. तेथे साक्षरतेची मोहीम सुरू झाली. तिचे नाव ‘अरिवोळी इयक्कम’, म्हणजे ज्ञानप्रकाशाची चळवळ. त्या वेळच्या जिल्हाधिकारी श्रीमती शीला राणी चुंकत यांच्या मनात आले की, अक्षरांबरोबरच बायकांनी सायकलही शिकावी. साक्षरतेचा आणि सायकलीचा संबंध काय, असे कोणीही विचारले असते. संबंध असा होता की, रात्रीच्या वर्गाला जावयाचे, दुसऱ्या वाडीवर शिकवावयास जावयाचे, तर बाईला कोणाच्या तरी मागे बसून जावे लागे. शिकलेली अक्षरेही मग दुसऱ्याच्या सोयीने चालत. श्रीमती चुंकत यांनी सायकल शिकविणे हा मोहिमेचाच भाग केला, आणि बायकांना सायकलीसाठी कर्ज मिळावे म्हणून बँकांकडे पाठपुरावा केला.

पुढे जे झाले त्याची हकिगत पत्रकार पी. साईनाथ यांनी नोंदवून ठेवली आहे. हिंदी भाषेच्या शालेय पाठ्यपुस्तकातही ती धडा म्हणून गेली. लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. दहा वर्षांखालील मुली वगळल्या तर जिल्ह्यातील ग्रामीण स्त्रियांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक संख्या ही. १९९२ सालच्या जागतिक महिलादिनी दीड हजारांवर स्त्रिया सायकलींवर स्वार होऊन पुदुकोट्टै शहरात उतरल्या. त्यांत शेतमजूर होत्या, खाणीत दगड फोडणाऱ्या होत्या, अंगणवाडीच्या सेविका होत्या, शिक्षिका होत्या. बायकांच्या सायकली बाजारात पुरेनात, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या दांडीच्या सायकली घेतल्या. पुष्कळींना त्याच अधिक सोयीच्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसविता येते. सुरुवातीला टिंगल झाली, घाणेरडे शेरे ऐकावे लागले. परंतु संख्या वाढली तशी टिंगल करणाऱ्यांची जीभ आवरली.

या हकिगतीत आर्थिक लाभ आहेच. भाजी, दूध, शेतमाल घेऊन बाई एकटी चार गावे फिरू शकते. बसची वाट पाहण्यात दिवस जात नाही. मुलांना शाळेत सोडणे, पाणी आणणे ही कामे लवकर उरकतात. तरीही त्या स्त्रियांनी सर्वांत मोठे मानले ते पैशांत मोजता येणारे नव्हते. आपण कोणावर अवलंबून नाही, ही जाणीव त्यांनी मोठी मानली. हे बाहेरच्या माणसाला अतिशयोक्त वाटेल. जी बाई जन्मभर कोणाच्या तरी मागे बसून गेली, तिला विचारल्याशिवाय त्याचे मोल कळावयाचे नाही. अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी आयुष्य वेचलेल्या सुसान अँथनी यांनी १८९६ साली एका मुलाखतीत असेच सांगितले होते की, स्त्रियांच्या मुक्तीला जगात सायकलीइतका हातभार दुसऱ्या कशानेच लावलेला नाही. न्यूयॉर्कची सुशिक्षित स्त्री आणि पुदुकोट्टैची दगड फोडणारी स्त्री यांच्यात शंभर वर्षांचे अंतर आहे, पण अनुभव एकच आहे.

दुसरे उदाहरण बिहारचे. तेथील राज्य सरकारने २००६ साली मुख्यमंत्री बालिका सायकल योजना सुरू केली. सरकारी शाळेत नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलीला सायकल घेण्यासाठी प्रारंभी दोन हजार रुपये देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थतज्ज्ञांनी या योजनेचा बारकाईने अभ्यास केला आणि तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. शेजारचा झारखंड २००० सालापर्यंत बिहारचाच भाग होता. दोन्हीकडील मुली आणि मुले यांची तुलना करून त्यांनी योजनेचा परिणाम वेगळा काढला. माध्यमिक शाळेतील मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली. शाळा जेथे तीन किलोमीटरहून दूर होती त्या गावांत हा परिणाम विशेष दिसला. शालान्त परीक्षेला बसणाऱ्या आणि उत्तीर्ण होणाऱ्या मुलींची संख्याही वाढली.

त्या अभ्यासातील एक निरीक्षण आम्हांला फार मोलाचे वाटते. तेवढेच पैसे रोख हातात दिले असते तर एवढा परिणाम झाला नसता, असे अभ्यासकांना दिसले. कारण सायकली एकाच वेळी सगळ्या मुलींना मिळाल्या. एकटी मुलगी सायकलीवर निघाली असती तर गावाने नाके मुरडली असती आणि रस्ताही धोक्याचा राहिला असता. वर्गातील वीस मुली एकत्र निघाल्या तेव्हा त्या एकमेकींची सोबत झाल्या, आणि मुलीने सायकल चालविणे ही गावाला नेहमीची गोष्ट वाटू लागली. स्वातंत्र्य ही एकेकट्याने मिळविण्याची वस्तू आहे, असे आपण समजतो. या मुलींनी दाखविले की, गरिबाचे स्वातंत्र्य बहुधा सामुदायिक असते. एकीचे धैर्य दुसरीच्या धैर्यावर उभे राहते.

येथे एक तात्त्विक प्रश्न निघतो. बस काढली असती तरी अंतर कमी झालेच असते. मग सायकलीचे एवढे काय? बसची गरज आम्ही नाकारीत नाही. पावसात, आजारपणात, लांबच्या पल्ल्याला बसच हवी. परंतु दोहोंत एक मूलभूत फरक आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी, अ‍ॅरिस्टॉटलला अनुसरून, सजीवाची खूण सांगितली ती अशी की, जे स्वतः स्वतःला हालविते ते सजीव. बसमध्ये बसलेल्या माणसाला कोणी तरी नेत असते. गाडीची वेळ दुसरा ठरवितो, थांबा दुसरा ठरवितो, गाडी आली नाही तर खंत करण्यापलीकडे काही करता येत नाही. सायकलीवरचा माणूस स्वतःला नेतो. यंत्र त्याचे बळ वाढविते, पण त्याची जागा घेत नाही.

हा विचार आमच्या काळात इव्हान इलिच यांनी अधिक खोल नेला. इलिच १९२६ साली व्हिएन्नात जन्मले. १९५१ साली रोममध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. न्यूयॉर्कमधील प्वेर्तो रिकोच्या गरीब स्थलांतरितांच्या धर्मग्रामात त्यांनी काम केले. पुढे मेक्सिकोत संस्था चालविली आणि १९६९ साली धर्मगुरुपदाची सेवा सोडली. त्यांची सर्व मते आम्हांला पटतात असे नाही. परंतु १९७३-७४ च्या सुमारास त्यांनी ऊर्जा आणि समता यांविषयी जे छोटे पुस्तक लिहिले त्यातील हिशेब विसरण्यासारखा नाही. सरासरी अमेरिकन पुरुष आपल्या मोटारीसाठी वर्षाला सोळाशेहून अधिक तास देतो. त्यांत गाडी चालविणे आले आणि तिचे हप्ते, इंधन, विमा यांसाठी पैसे मिळविणेही आले. एवढे करून तो साडेसात हजार मैल जातो. म्हणजे ताशी पाच मैलांहून कमी. चालणाराही याच्या फारसा मागे नाही! सायकलस्वार मात्र पायी चालण्याहून कितीतरी कमी शक्ती खर्चून तिप्पट-चौपट वेगाने जातो. ऑक्सफर्डचे अभियंते एस. एस. विल्सन यांनी १९७३ साली दाखवून दिले होते की, वजन आणि अंतर यांच्या प्रमाणात पाहिल्यास सायकलीवरचा माणूस सर्व प्राण्यांहून आणि यंत्रांहून काटकसरीने प्रवास करतो. इलिच यांचा निष्कर्ष असा की, एका मर्यादेपलीकडे एकाचा वेग दुसऱ्याचा वेळ खातो. महामार्ग खेड्याच्या मधून जातो तेव्हा गाडीवाल्याची दहा मिनिटे वाचतात, आणि पलीकडच्या शेतावर जाणाऱ्या बाईला अर्धा कोस वळसा पडतो. सायकल कोणाचीही वाट अडवीत नाही.

एवढे वाचून सायकल म्हणजे मुक्तीचा मंत्रच, असा कोणाचा समज होईल तर तो दूर केला पाहिजे. झारखंडात रांची-रामगढच्या बाजूला किंवा गोड्डा जिल्ह्यात पहाटेच्या वेळी रस्त्यावर एक दृश्य दिसते. सायकलीच्या दोन्ही बाजूंना आणि मधल्या दांडीवर पोती बांधलेली असतात. त्यांत दोन-अडीचशे किलो कोळसा असतो. माणूस सायकलीवर बसलेला नसतो, बसावयास जागाच नसते. तो ती ढकलीत, चढावर छाती फुटेस्तोवर रेटीत, वीस-तीस-चाळीस किलोमीटर चालतो आणि दिवसाची तुटपुंजी कमाई करतो. यंत्र तेच, दोन चाकेही तीच. पुदुकोट्टैच्या बाईला त्यांनी मोकळे केले आणि या माणसाला ओझ्याचे जनावर केले. फरक यंत्रात नाही. पुदुकोट्टैत सायकलीमागे कर्ज होते, शिक्षण होते, सोबत होती. कोळसेवाल्याच्या मागे यांतले काहीच नाही, आणि त्याच्या घामावर पुढे इतरांचे व्यवहार उभे आहेत.

याहून काळी गोष्ट सायकलीच्या टायरात लपलेली आहे. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवेचा टायर काढला आणि सायकल सर्वसामान्यांची झाली. रबराची मागणी एकाएकी वाढली. आफ्रिकेतील काँगो हा प्रदेश १८८५ पासून बेल्जमचा राजा लिओपोल्ड दुसरा याची खाजगी मालमत्ता होता. तेथील रानांतून रबर काढण्यासाठी गावकऱ्यांवर जी सक्ती झाली, ठरलेला हप्ता भरला नाही म्हणून बायका ओलीस ठेवल्या गेल्या, हात तोडले गेले, गावे जाळली गेली, त्याचा वृत्तान्त ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट यांच्या १९०४ सालच्या अहवालाने जगापुढे आणला. १९०८ साली राजाची ती मालकी संपुष्टात आली. युरोपातील तरुणतरुणी बागांतून सायकलींवर बागडत होती तेव्हा त्यांच्या चाकांखाली कोणाचे आयुष्य होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. लिओपोल्ड हा ख्रिस्ती राजा होता, हे आम्ही खाली मान घालून नमूद करतो. कोणतेही साधन आपोआप निष्पाप नसते. ते कोणाच्या श्रमांतून आले आणि कोणाच्या हाती गेले, हे विचारल्याखेरीज त्याची नैतिक किंमत ठरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सायकल देणे ही दया की न्याय? एक आक्षेप आपण नेहमी ऐकतो, आणि तो चांगली माणसेही घेतात. फुकट दिले की माणूस आळशी होतो, कायमचा हात पसरतो. या आक्षेपात काही तथ्य आहे. परंतु ते कोठे आहे, हे नीट पाहावे. झांबिया देशाच्या ग्रामीण भागात शाळकरी मुलींना सायकली देऊन त्यांचा परिणाम अभ्यासला गेला. ज्या संस्थेच्या सायकली होत्या ती ‘वर्ल्ड बायसिकल रिलीफ’ २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतील मदतकार्यातून उभी राहिली. मुलींचा शाळेत जाण्याचा वेळ सरासरी ३५ टक्क्यांनी घटला. गैरहजेरी एक चतुर्थांशाहून अधिक कमी झाली. आपल्या आयुष्यावर आपला काही ताबा आहे, असे या मुलींना अधिक वाटू लागले. आणखी एक गोष्ट आढळली. ज्या कुटुंबांनी सायकलीसाठी थोडासा स्वतःचा वाटा दिला त्यांच्या मुलींत स्वतःविषयीचा आदर आणि पुढील आयुष्याविषयीच्या आकांक्षा अधिक उंचावलेल्या दिसल्या, लग्न पुढे ढकलण्याची इच्छाही दिसली. एवढ्यावरून सगळे सिद्ध होते असे नाही. तथापि घेणाऱ्याला वाटा देऊ देणे हाही त्याचा सन्मान असू शकतो, हे यातून सुचते.

बाराव्या शतकातील यहुदी धर्मपंडित मायमोनिडीझ यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांत सर्वांत वरची पायरी अशी की, माणसाला कर्ज देऊन, भागीदार करून किंवा काम देऊन असे उभे करावे की त्याला पुन्हा मागण्याची पाळी येऊ नये. पुदुकोट्टैतील बँकेचे कर्ज या पायरीवर बसते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या १९६५ सालच्या दस्तऐवजात बजावले आहे की, न्यायाने जे देणे लागते ते दानाच्या नावाखाली देऊ नये. आम्हांला हे वाक्य फार बोचरे वाटते. शाळा दूर असणे हा त्या मुलीचा दोष नव्हे. रस्ते, बाजार, दवाखाने कोठे असावेत हे ज्यांनी ठरविले त्यांत तिचे आई-वडील नव्हते. अंतर ही निसर्गाने घातलेली अडचण आहे असे आपण मानतो. परंतु पुष्कळसे अंतर माणसांच्या निर्णयांनी घडलेले असते. ज्या व्यवस्थेने सोयी आपल्या दाराशी आणून ठेवल्या, तिनेच त्या दुसऱ्याच्या दारापासून लांब नेल्या. मग तिला मिळालेली सायकल ही आपली कृपा कशी? ते तिच्या देण्यातील एक अल्पसा हप्ता आहे, असे आम्ही मानतो.

यावर कोणी म्हणेल, तसे असेल तर सायकल देऊन गप्प बसू नका, शाळाच जवळ आणा. हे म्हणणे खरे आहे. सायकल ही शाळेला पर्याय म्हणून दिली गेली, शाळा बंद करण्याचे निमित्त म्हणून दिली गेली, तर ती फसवणूक ठरेल. परंतु प्रत्येक पाड्यावर गणित, विज्ञान, इंग्रजीचे स्वतंत्र शिक्षक असलेली माध्यमिक शाळा उभी राहीपर्यंत आज चौदा वर्षांची असलेली मुलगी थांबू शकत नाही. न्याय उद्यासाठी मागावा लागतो, पण मुलगी आजच वाढत असते.

सायकल दिल्याने आपले काम संपते का? ज्यांनी सायकल वापरली आहे त्यांना ठाऊक आहे की, सायकल चालते ती पंक्चर काढणाऱ्याच्या जिवावर. ट्यूब फाटते, चेन सैल होते, आरे वाकतात, ब्रेकची रबरे झिजतात. तालुक्याच्या गावी जाऊन दुरुस्ती करावयाची तर मजुरी बुडते, म्हणून सायकल भिंतीला टेकते आणि पुढच्या पावसात गंजते. झांबियात सायकलींबरोबर गावातल्याच तरुणांना दुरुस्ती शिकविली गेली आणि सुटे भाग जवळ मिळतील अशी सोय केली गेली, हे शहाणपणाचे झाले. त्यातून काहींना रोजगारही मिळाला. समारंभात किल्ली देणे सोपे असते. सहा महिन्यांनी जाऊन चाकात हवा आहे की नाही हे पाहणे कठीण असते, कारण तेथे छायाचित्रकार नसतो. आमच्या मते खरी परीक्षा त्या सहा महिन्यांनंतरच्या फेरीची आहे.

महाराष्ट्रातही २०११ पासून विस्तार पावलेल्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य देण्याची आणि अधिक दूर राहणाऱ्यांसाठी एस.टी.च्या निळ्या गाड्या सोडण्याची व्यवस्था झाली. सरकारचे काम सरकारने करावे, ते होत नसेल तर आपण विचारावे. परंतु योजनेच्या निकषांत न बसणारी मुलगी, सायकल मिळाली पण दुरुस्तीवाचून पडलेली मुलगी, सायकल आहे पण सोबत नाही म्हणून घरी बसलेली मुलगी, या सरकारच्या कागदावर दिसत नाहीत. त्या शेजाऱ्यालाच दिसतात.

शेवटी आपल्याविषयी थोडे. आम्ही लहान असताना गावोगावी सायकली तासावर भाड्याने मिळत. दांडीखालून पाय घालून सायकल शिकलेली आमची पिढी आहे. खेड्यापाड्यांतील धर्मगुरू आजाऱ्यांना कम्युनियन द्यावयास सायकलीवरून जात. २०११ च्या जनगणनेत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे ४६ टक्के कुटुंबांकडे सायकल होती; म्हणजे निम्म्याहून अधिक घरांत तीही नव्हती. आपल्या घरांतून मात्र ती केव्हाच गेली. उरली ती मुलांचे खेळणे म्हणून किंवा पोट कमी करण्याचे साधन म्हणून. आता आपल्या रस्त्यांवर सायकल चालवितो तो पहाटेचा दूधवाला, पेपर टाकणारा मुलगा, रात्रपाळीचा पहारेकरी. आपल्या गाडीचा हॉर्न त्याच्याच पाठीमागे सर्वांत जोरात वाजतो. गरिबाला सायकल द्यावी असे म्हणणाऱ्याने सायकलवाल्याला रस्त्यावर जागाही दिली पाहिजे. नाही तर आपण त्याला एक वस्तू देतो आणि तिच्याबरोबर आपला कमीपणाचा शिक्काही देतो.

यंदा धर्मग्रामाच्या बैठकीत दानाच्या रकमेचा विषय निघेल तेव्हा किती वस्तू घ्यावयाच्या हा प्रश्न आपण जरा मागे ठेवावा. आपल्या परिसरातील कोणता पाडा शाळेपासून किती लांब आहे, तेथून कोण कोण चालत येते, आठवीनंतर कोणाचे येणे थांबले, याची यादी आधी करावी. ती करण्यासाठी आपल्याला तेथपर्यंत जावे लागेल. एखाद्या वेळी गाडी दूर ठेवून ते अंतर आपणही पायी चालून पाहावे. पाच किलोमीटर म्हणजे किती, हे पायांना कळले की दया आणि न्याय यांतील फरक वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.